फ्रेदोचे बूट

सन एकोणीसशे त्रेचाळीस. जाडजूड पुस्तकं लिहिणारे म्हणतात, की त्या वर्षी युद्धाने कूस बदलली. जानेवारीत रशियात, उन्हाळ्यात सिसिलीच्या किनाऱ्यावर, आणि सप्टेंबरात आमच्या सरकारने शस्त्रं खाली ठेवली तेव्हा पुन्हा एकदा. असेल तसं. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि उत्तर इटलीत, कुनेओ शहराच्या वरच्या डोंगरात, कोम्बासेल्ला गावात राहत होते. आमच्या घरात ते सगळं वर्ष एका बुटांच्या जोडीपाशी येऊन थांबलं.

बूट माझ्या थोरल्या भावाचे. त्याचं नाव कियाफ्रेदो, पण पाद्रीबाबा सोडले तर सगळे त्याला फ्रेदोच म्हणत. पाय इतके मोठे, की तिल्दाकाकू त्याला बघितलं की विचारायची, "काय रे, पाय आहेत की पाळणे?" तिल्दाकाकू आमच्या शेजारची विधवा. गावातला एकमेव गुत्ता तिचा आणि गावातला एकमेव रेडिओही तिचाच. फ्रेदोला तयार बूट कुठे बसत नसत, म्हणून बाबांनी एक वासरू विकून खालच्या गावातल्या चांभाराकडून त्याच्या मापाचे करवून घेतले. तांबूस चामड्याचे, दुहेरी शिवणीचे. रोज आम्ही सगळेच लाकडी तळाचे जोडे घालायचो. चामड्याचे बूट असायचे ते चर्चला, लग्नाला आणि जत्रेला.

सैन्यात बोलावणं आलं तेव्हा फ्रेदोने ते बूट उंबऱ्याच्या आत भिंतीशी ठेवले आणि म्हणाला, "आई, हे कोणाला देऊ नकोस हं. सरकार मला फुकट देणार आहे."

सरकारने दिले. तेच घालून तो बेचाळीसच्या उन्हाळ्यात रशियाला गेला.

इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे माणूस गेला की त्याचे कपडे घरातच राहतात, धाकट्यांना आखूड करून वापरतात. बूट मात्र घरात ठेवत नाहीत. पुरायच्या दिवशी ते एखाद्या गरजू माणसाच्या पायात घालतात आणि त्याला दारातून वाटेला लावतात. मेलेला माणूस त्या पायांनी गावातून शेवटचा चालत जातो, अशी समजूत. ते बूट गल्लीतून जाताना बाया डोक्याचा रुमाल पुढे ओढतात, पुरुष टोप्या काढतात, आणि बूट चर्चसमोर आले की घंटेचे टोल पडतात. आजोबांचे बूट एका परगावच्या कोळसेवाल्याला दिले होते. त्याला रीत ठाऊक नव्हती. तो इतका खूश झाला, की टोपी काढणाऱ्या प्रत्येकाला थांबून विचारत होता, "कसे दिसतात?" त्या दुःखातही बाबांना हसू आवरेना.

माणूस जिवंत असेल तोवर मात्र त्याचे बूट दुसऱ्याच्या पायात उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. कोणी तसा विचारही करत नसे.

त्रेचाळीसच्या वसंतात गिरणीवाल्यांचा बात्तिस्ता रशियाहून परत आला. फ्रेदो आणि तो एकाच तुकडीत होते. परत आलेल्यांची भेट घ्यायला लोक त्यांच्या घरी जात, पण बात्तिस्ता आपणहून आमच्याकडे आला. खुर्चीच्या कडेवर बसला. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती, तो हात त्याने मांडीखाली धरला होता.

"तू त्याला शेवटचं कुठे पाहिलंस?" आईने विचारलं.

"डॉन नदीवरून माघारी येताना. आम्ही नुसते चालतच होतो, मावशी. बर्फ आणि बर्फ. एका झोपडीत रात्रीपुरता आसरा मिळाला, तिथे त्याने बूट काढले."

"का काढले?"

"ओले झाले होते. सरकारी चामडं ते, पाणी प्यायचं. सकाळी बघतो तर दगडासारखे झालेले. आणि याचे पाय सुजलेले. चढेनात. मग आम्ही घोंगडी फाडून त्याच्या पायांना बांधली."

"मग?"

"मग दुपारी तो रस्त्याच्या कडेला बसला. म्हणाला, तुम्ही पुढे व्हा, मी मागून येतो."

बाबा उठले. चुलीत लाकूड पुरेसं होतं, तरी त्यांनी आणखी एक घातलं. पहिल्या युद्धात ते इसोन्झो नदीवर लढले होते, गुडघ्यात तेव्हाचं लोखंड होतं. रस्त्याच्या कडेला बसणं म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

आईने मात्र दुसरंच ऐकलं. "म्हणजे माझं पोर अनवाणी आहे," ती म्हणाली.

त्या आठवड्यापासून ती दर शनिवारी फ्रेदोच्या बुटांना डुकराची चरबी लावायला लागली. आधी चिंधीने, मग बोटांनी, शिवणींत नीट मुरेपर्यंत. मग ते परत उंबऱ्याच्या आत ठेवायची, चवडे घराकडे करून. नुकतंच कोणी आत येऊन काढून ठेवल्यासारखे दिसायचे ते.

आठ सप्टेंबरला मरियामातेच्या जन्माचा सण असतो. त्या संध्याकाळी मिरवणूक आटोपून सगळे चौकातच रेंगाळले होते. एवढ्यात तिल्दाकाकू हातात डाव घेऊनच गुत्त्यातून धावत आली.

"संपलं! अरे, संपलं! रेडिओवर सांगितलं. आपलं युद्ध संपलं!"

तिच्या डावातून रस्सा गळत होता आणि ती तो झेंड्यासारखा हलवत होती. पोरांनी घंटेचा दोर धरला. पलीकडच्या गावानेही घंटा सुरू केली, मग त्याच्या पलीकडच्या. डोंगरावर होळ्या पेटल्या. पाद्रीबाबांनी स्वतःच्या हाताने सगळ्यांना द्राक्षाची दारू वाढली, अगदी आम्हा मुलींनासुद्धा.

बाबा तेवढे पायरीवर बसून होते. "जर्मनांना विचारलंय का कोणी, त्यांचं संपलंय का ते?"

"झालं यांचं सुरू," तिल्दाकाकू म्हणाली. "बास्तियान, तू स्वर्गात गेलास ना, तरी आधी छप्पर गळतंय का ते बघशील."

लोक हसले. आई हसली नाही. तिने ऐकलंच नव्हतं. घरी येताना वाटेत ती बाबांना म्हणाली, "रशियातून चालत यायला किती दिवस लागत असतील हो?"

बाबा दुखरा गुडघा सावरत पुढे चालत राहिले.

"आता त्याला कोणी अडवणार नाही. युद्ध संपलं म्हणजे सगळ्यांना घरी सोडणारच. तो निघालासुद्धा असेल."

असं समजणारी ती एकटी नव्हती. आमच्या डोंगरातल्या सगळ्याच बायांना युद्ध संपणं म्हणजे पुरुषांनी पायवाटेने वर येणं, एवढंच माहीत होतं. आजवरची सगळी युद्धं तशीच संपली होती. दुसऱ्या दिवशी आईने फ्रेदोची गादी उन्हात टाकली, पांढऱ्या पिठाचा पाव भाजला, आणि शनिवार नसताना बुटांना चरबी लावली.

पायवाटेने पुरुष आलेच. पण ते खालून नाही, वरून आले. फ्रान्सच्या बाजूच्या खिंडींतून आमचंच सैन्य फुटून खाली उतरत होतं. हुकूम नाहीत, अधिकारी पळालेले, आणि जर्मन मागावर. गणवेशातला माणूस दिसला की जर्मन त्याला धरून गाडीत कोंबतात, ही बातमी त्या पोरांनीच आणली. बाबांनी "मी म्हटलं नव्हतं का" असं म्हटलं नाही. गोठ्यात जाऊन त्यांनी पेंढा सारखा केला, पोरांना झोपायला.

मग गावातली प्रत्येक पेटी उघडली. कोणी बापाचा कोट दिला, कोणी भावाची विजार. तिल्दाकाकूने तर नवऱ्याचा लग्नातला पोशाख एका सिसिलीच्या शिपायाच्या अंगावर चढवला आणि लांब उभी राहून बघितलं. "माझा माणूस आयुष्यात कधी कुनेओच्या पुढे गेला नाही," ती म्हणाली, "आणि आता बघा, त्याची विजार पालेर्मोला निघाली."

त्या शिपायांतलाच दोनातो लाकावा आम्हाला पाण्याच्या कुंडापाशी सापडला. वीसेक वर्षांचा असेल. काळाभोर, भुवया जुळलेल्या, आणि अंगापिंडाने थेट फ्रेदो. कुंडात पाय सोडून बसला होता. आईच्या हातातली घागर तशीच राहिली.

"ऊठ," ती म्हणाली. "आत ये."

तो अगदी दक्षिणेचा, बाझिलिकाताचा. आमची बोली त्याला कळत नव्हती, त्याची आम्हाला. त्यामुळे सगळे शाळेत शिकवतात ती भाषा बोलत होते, आणि तिल्दाकाकू ती मोठ्याने ओरडून बोलत होती, म्हणजे त्याला जास्त समजेल.

"मी बहिरा नाही, मावशी," तो म्हणाला. "लांबचा आहे एवढंच."

आईने फ्रेदोची पेटी उघडली. सदरा, कॉर्डरॉयची विजार, आणि तो तपकिरी कोट, जो फ्रेदोने मामाच्या लग्नात घातला होता. दोनातो पडद्यामागून ते घालून बाहेर आला तेव्हा बाबा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आईने त्याची कॉलर सरळ केली, बाह्या खाली ओढल्या.

"मोठा नाही ना होत?"

"माझ्यासाठीच शिवल्यासारखा आहे, मावशी. परत आणून देईन."

"दे. त्याला जत्रेला लागतो."

मग सगळ्यांच्या नजरा खाली गेल्या. त्या चांगल्या तपकिरी कपड्यांखाली त्याचे लष्करी बूट होते. जाड, खिळे मारलेले, नाड्या अडकवायला लोखंडी आकडे असलेले. एका कोसावरून ओळखू यावेत असे.

बाबांनी आपले चामड्याचे बूट पुढे केले. दोनातोची टाच अर्ध्यावर अडली. लाकडी जोडे घालून तो अंगणात चार पावलं चालला आणि दोनदा पडला.

"यांत नेपल्सपर्यंत गेलास तर नातवंडांच्या लग्नाला पोहोचशील," तिल्दाकाकू म्हणाली. मग ती थांबली आणि उंबऱ्याकडे बघायला लागली. बाबाही तिकडेच बघत होते. मीही.

दोनातोने ते आत शिरतानाच पाहिले असावेत. मापात बसतील हेही त्याला कळलं असणार. पण तो बोलला नाही.

"ओर्सोला," बाबा आईला हळूच म्हणाले.

"नाही."

"अगं, पोराला देश ओलांडायचाय."

"सदरा दिला. कोट दिला. मागितलात तर त्याचं अंथरूण देईन. बूट नाही. तो वाटेत आहे आणि तो अनवाणी आहे."

"ओर्सोला, उसने म्हणून दे गं," तिल्दाकाकू म्हणाली. "आम्ही दारं बंद करून घेऊ. कोणी बघणार नाही, घंटा वाजणार नाही."

आई तिच्यावर ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचे बूट तू कधी दिलेस, तिल्दा? तो घरात खोकत होता तेव्हा दिलेस का?"

तिल्दाकाकू गप्प झाली. तिला गप्प झालेली मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली.

दोनातोला रीत माहीत नव्हती, पण घरात काहीतरी जड पडलंय एवढं त्याला कळलं. तो आईला म्हणाला, "राहू द्या, मावशी. तुमचा मुलगा आला की त्याला लागतील. माझे हे अजून धड आहेत."

बाबांनी चिमट्याने त्याच्या बुटांचे आकडे उपटले, तळाचे निघतील तेवढे खिळे काढले, वर काजळी आणि शेण चोळलं. लांबून बघितलं तर शेतकऱ्याचे वाटत होते. जवळून नाही. आईने त्याला पावाचा अर्धा भाग फडक्यात बांधून दिला, फ्रेदोसाठी भाजलेल्यातलाच. आमच्याकडे दोन दिवस काढून तो गेला. त्याचा लष्करी कोट आम्ही चेस्टनट वाळवायच्या खोपीत, फळ्यांवरच्या सालपटांखाली लपवला.

मंगळवारी खालच्या गावी बाजार असतो. तिल्दाकाकू चीज विकायला गेली होती. ती परत आली तेव्हा टोपली तशीच भरलेली होती. ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली आणि टोपली खाली ठेवायचंच विसरली.

"पुलावर जर्मन आहेत," ती म्हणाली. "तरण्या पोरांना भिंतीशी उभं करतात. कागद बघत नाहीत, तोंड बघत नाहीत. विजार वर करायला लावतात आणि पाय बघतात."

आई बटाटे सोलत होती.

"ज्यांच्या पायात साधे जोडे त्यांना सोडलं. ते माझे सिसिलीचे व्याही गेले की पार, लग्नाची विजार घालून. बाकीच्यांना..." ती थांबली. "मला कोट दिसला गं, ओर्सोला. तपकिरी. त्याने मला पाहिलं आणि लगेच मान फिरवली. मला ओळखतो असं त्यांना दिसू नये म्हणून. एवढं सुचलं त्याला. मालगाडीत चढवलं सगळ्यांना."

आईने तो बटाटा पूर्ण सोलला. पाण्यात टाकला. दुसरा घेतला.

"त्याने बूट मागितले नव्हते," ती म्हणाली.

"नव्हते," बाबा म्हणाले.

पुढे आयुष्यभर बाबांनी त्या गोष्टीचा एका शब्दाने उल्लेख केला नाही. भांडणातसुद्धा नाही, आणि त्यांची भांडणं होत.

त्या शनिवारी आईने बुटांना चरबी लावली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी लावली. पण आधी ती खोपीत गेली, दोनातोचा लष्करी कोट सालपटांखालून काढला, धुतला आणि फ्रेदोचा कोट ज्या खुंटीला असायचा तिथे टांगला. बाबा हादरले. पलीकडच्या दरीतलं एक गाव जर्मनांनी जाळलं होतं, तो धूर आम्ही डोळ्यांनी पाहिला होता.

"हा सापडला तर घर पेटवतील, कळतंय का?"

"त्याचा तो कोट न्यायला येईल," आई म्हणाली. "दोघांपैकी एक तरी आपल्या वस्तूला येईल."

शेवटी मीच तो कोट उसवला, अक्रोडाच्या सालीत काळा रंगवला आणि त्याचा स्वतःसाठी घागरा शिवला. गणवेशाचा घागरा कोण जाळणार?

पंचेचाळीसच्या एप्रिलमध्ये घंटा पुन्हा वाजल्या. या वेळी खरंच संपलं होतं. आईने खिडकी लावून घेतली.

त्या वर्षाच्या अखेरीपासून रशियातल्या छावण्यांमधून कैदी परत यायला लागले. गाडी येणार अशी बातमी आली, की डोंगरातल्या बाया कुनेओच्या स्टेशनात जाऊन उभ्या राहत. इतर बाया मुलाचा फोटो घेऊन जायच्या, उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडासमोर धरायच्या, याला पाहिलंस का, याला पाहिलंस का. आई बूट घेऊन जायची. दोन्ही बूट छातीशी धरून फलाटावर उभी राहायची, आणि उतरणाऱ्यांची तोंडं न बघता पाय बघायची. मी तिच्याबरोबर असायचे. एकदा एका हमालाने विचारलं, "बाई, विकायचेत का?" मी त्याला हाकलला. आईने ऐकलंही नसेल.

मग गाड्या विरळ झाल्या. मग बंद झाल्या. शेहेचाळीसच्या उन्हाळ्यानंतर आई स्टेशनात गेली नाही.

ऑक्टोबरात, चेस्टनट वेचायच्या दिवसांत, भर दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. हाडं नुसती, केस विरळ. हातात एक गाठोडं.

"मावशी," तो म्हणाला, "कोट परत करायला जरा उशीर झाला."

आम्ही त्याला बसवलं. जर्मनीतल्या छावणीत दोन हिवाळे, मग दक्षिणेच्या एका इस्पितळात एक वर्ष. आता बेल्जियमच्या कोळशाच्या खाणींत कामाला निघाला होता, मिलानहून गाडी होती. त्याआधी वाट वाकडी करून तो आमच्याकडे आला होता. त्याच्या आईने आमच्यासाठी सुके अंजीर धाडले होते, दोरीत ओवलेले.

"आणि माझा कोट?" तो हसत म्हणाला. "सरकार विचारत होतं."

मी त्याच्यासमोर उभी राहून एक गिरकी घेतली. "हा बघ."

त्याने घागऱ्याचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं आणि इतका हसला, की खोकला सुरू झाला. बाबांनी त्याला मक्याच्या पिठाचा घट्ट पोलेंटा आणि दूध दिलं. तो वाटी दोन्ही हातांनी धरून खात होता, कोणी काढून घेईल म्हणून.

आईने गाठोडं सोडलं. कोट स्वच्छ होता, घड्या नीट. उजव्या कोपरावर ठिगळ होतं, वेगळ्या कापडाचं, पण इतक्या बारीक टाक्यांचं की बोट फिरवल्यावरच शिवण लागावी. आई त्यावरून बराच वेळ बोट फिरवत राहिली.

"हे कोणी केलं?"

"आईने. म्हणाली, दुसऱ्या बाईच्या मुलाचा कोट आहे, फाटका कसा परत द्यायचा."

आईने कोट खुंटीला टांगला. मग तिने त्याच्या पायांकडे पाहिलं. मोटारीच्या टायरचे तुकडे तारेने बांधून केलेले जोडे होते.

ती उंबऱ्यापाशी गेली. वाकली. बूट उचलले.

"आई..." मी म्हणाले. बाबांनी माझा दंड धरला.

तिने दोनातोच्या पायांशी बसून त्या तारा सोडवल्या. डाव्या पायाची तीन बोटं नव्हती. छावणीतल्या पहिल्या हिवाळ्यात गेली होती. तिचा हात तिथे थांबला. मग तिने टोपलीतून लोकर घेतली आणि डाव्या बुटाच्या चवड्यात दाबून दाबून भरली. त्रेचाळीसमध्ये ते बूट त्याला लोकर न भरताच बसले असते.

"नको, मावशी," दोनातो म्हणाला. त्याला सगळं आठवत होतं. "तुमच्या मुलाचे आहेत. तो आला की..."

"तो आला की नवे घेऊ," आई म्हणाली. आवाज अगदी साधा, बाजारात बोलतात तसा. "हे जुने झाले. नुसते ठेवले तर चामडं तडकतं. घाल."

त्याने घातले. उभा राहिला. आईने खाली बसूनच नाड्या बांधल्या, दुहेरी गाठ मारली, आणि उंबऱ्यापर्यंत त्याच्याबरोबर आली. उंबऱ्याच्या पुढे आली नाही.

त्याला वळणापर्यंत सोडायला मी गेले. तिल्दाकाकू दारात चेस्टनट निवडत बसली होती. "अगं बाई, हा तर आपला बहिरा!" ती ओरडली आणि उठली. मग तिची नजर खाली गेली. ती जागच्या जागी थबकली. तिने हात पुसले आणि डोक्याचा रुमाल पुढे ओढला, डोळे झाकेपर्यंत.

पुढच्या दाराशी म्हातारा लोहार होता. त्याने टोपी काढली. त्याच्या पुढच्या दारातल्या दोघी बहिणींनी रुमाल ओढले. गिरणीपाशी बात्तिस्ता पोती उतरवत होता. त्याने पोतं खाली ठेवलं आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दोनातो प्रत्येकाला मान लववत होता, हसत होता. "किती माया आहे तुमच्या गावात," तो मला म्हणाला. "दोन दिवस राहून गेलो होतो फक्त, पण बघ."

आम्ही चर्चसमोर आलो. घंटा वाजली. एक टोल, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

"गावातलाच एक."

"म्हातारा?"

"नाही. तरुण होता."

त्याने टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि तसाच बोडक्याने चालत राहिला, फ्रेदोचे बूट दगडांवर वाजवत, वळणाआड जाईपर्यंत.

मी परत आले तेव्हा घर बायांनी भरलं होतं. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. आई चुलीपाशी खुर्चीवर बसली होती आणि काळा रुमाल बांधत होती. तिल्दाकाकू तिच्यामागे उभी राहून गाठ मारायला मदत करत होती. बाबा गोठ्यात होते. तिथून येणारा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला आणि कोणीच तिकडे गेलं नाही.

पंधरवड्याने मृतांचा दिवस आला. संध्याकाळी घरातल्या मेलेल्या माणसांसाठी टेबलावर उकडलेले चेस्टनट मांडून ठेवतात. त्या वर्षी आईने पहिल्यांदा फ्रेदोची ताटली मांडली.

बाबा एक्कावन्न साली गेले. त्यांचे बूट कोणाच्या तरी पायात बसले, घंटा वाजली. बात्तिस्ता फ्रान्समध्ये जाऊन गवंडी झाला. रशियाबद्दल तो त्यानंतर कोणाशी बोलल्याचं मी ऐकलं नाही. तिल्दाकाकूने नव्वदी गाठली, आणि तिच्या नवऱ्याच्या लग्नातल्या विजारीतला तो सिसिलीचा शिपाई एकदा खरोखरच संत्र्यांची पेटी घेऊन तिला भेटायला आला. विजार आणली नाही. ती त्याला त्यावरून अखेरपर्यंत टोमणे मारायची.

दोनातो बारा वर्षं खाणीत राहिला. अठ्ठावन्न साली तो बायकोला घेऊन आमच्याकडे आला होता, छातीत कोळसा भरलेला, पण हसरा. त्या घंटेबद्दल त्याला कोणी कधीच सांगितलं नाही. आईने विचारलं, "बुटांचं काय झालं रे?" तो ओशाळला. म्हणाला, "मावशी, तीन हिवाळे टिकले खाणीत. मग तळ गेला, फेकावे लागले."

"तीन हिवाळे," आई म्हणाली. "चामडं चांगलं होतं."

दोन वर्षांनी ती गेली. उंबऱ्याच्या आत भिंतीशी अजूनही जमीन जरा काळपट आहे, चरबीचे डाग आहेत. ते घासून निघत नाहीत, आणि मी घासतही नाही.

फ्रेदोचं काय झालं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. तो शेवटी एवढंच बोलला होता, की तुम्ही पुढे व्हा. आता मी शहाण्णव वर्षांची आहे. मी बरीच पुढे आले.